बगिच्याकडची नाली

हिवरापीरच्या बगिच्यासमोर जेसीबी येऊन उभा राहिला तेव्हा सुंदरबाई सकाळचं फिरणं आटोपून फाटकातून बाहेर पडत होत्या. मंगरूळपीरकडून शेलूबाजारला जाणाऱ्या रस्त्याचा गावातला तुकडा रुंद आणि सिमेंटचा होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रस्त्याच्या एका अंगाला बाजारपेठ, दुसऱ्या अंगाला बगीचा. बगिच्याच्या जाळीबाहेर कडुनिंबांची लांब रांग होती. गावात सावली म्हणावी अशी तेवढीच. दवाखान्यातून निघालेले पेशंट, शिरपूरच्या बसची वाट पाहणारे यात्रेकरू, तहसीलच्या कामासाठी खेड्यावरून आलेली माणसं, सगळी त्याच झाडांखाली टेकायची.

जेसीबीनं पंजा उचलला आणि पहिल्या निंबाच्या बुडाशीच जमिनीत खुपसला. माती निघाली, मग मुरूम निघाला, आणि मग मनगटाएवढं जाड मूळ ताणलं जाऊन फाटकन तुटलं. आतून ते पांढरंफेक होतं.

सुंदरबाई थांबल्या. ठेकेदाराचा माणूस माणिकराव डोक्याला रुमाल गुंडाळून तिथंच उभा होता.

"झाडं तोडून राह्यले का तुमी?"

"नाई बाई. झाडाले हात बी नाई लावून राह्यलो. नाली खोदून राह्यलो. पाण्याले जागा नको का?"

"अन् हे काय तोडलं मंग?"

"मूळ हाय थे. झाडाले लय मुळं असतात," माणिकराव म्हणाला आणि ड्रायव्हरला पुढे सरकायची खूण केली.

सुंदरबाई घराकडे वळल्या. झाडाला मुळं पुष्कळ असतात हे खोटं नव्हतं. पण घरी जाऊन आंघोळ, देवदर्शन उरकून दुकानात बसल्या तरी ते पांढरं मूळ त्यांच्या डोळ्यांपुढून जाईना.

गुलाबचंद आणि सुंदरबाईंचं कापडाचं दुकान बगिच्याच्या बरोबर समोर होतं. दुकानापुढे शहाबादी फरशीचा रुंद ओटा, वर पत्र्याचं शेड. पावसाळ्यात गिऱ्हाईक कोरडं राहावं आणि उन्हाळ्यात कापडाची ठाणं उलगडून दाखवायला जागा मिळावी म्हणून गुलाबचंदांनी तो वाढवत वाढवत रस्त्यापर्यंत आणला होता. शेजारी मेहरबींचं बांगड्यांचं दुकान. ते इतकं लहान होतं, की खरा धंदा ओट्यावरच चालायचा.

सुंदरबाई आणि मेहरबींची गाठ रोज संध्याकाळी बगिच्यात पडायची. जैन रिवाजानं सुंदरबाईंना दिवस मावळायच्या आत जेवून घ्यावं लागे, आणि मेहरबींना मावळतीच्या मगरीबच्या नमाजाला घरी पोचायचं असे. त्याआधी जो थोडा वेळ उरे तो दोघींचा. सुनांच्या तक्रारी, गुडघ्यांची दुखणी, कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं. कधी नुसतंच बसणं. दुकानातही बसणंच असे, पण तिथं कोणी ना कोणी काही ना काही मागत असे. इथं कोणी काही मागत नसे.

"मले हे ठीक नाई वाटून राह्यलं," त्या संध्याकाळी सुंदरबाई म्हणाल्या. नाली आता रांगेच्या अर्ध्यावर आली होती. प्रत्येक झाडाची रस्त्याकडची बाजू उघडी पडली होती.

"भाभी, एका बाजूचा पाय कापला तं माणूस उभा राहीन का?" मेहरबी म्हणाल्या. "पण आपलं कोण आयकते?"

पुढच्याच आठवड्यात दुपारी वारं सुटलं. उन्हाळ्यात सुटतं तसंच, धुळीचं, पत्रे वाजवणारं. दुकानातून सुंदरबाईंनी पाहिलं, नालीकाठचा सगळ्यात मोठा निंब हलला, थोडा थांबला, आणि मग आख्खाच्या आख्खा बगिच्यात आडवा झाला. लहान मुलांची घसरगुंडी त्याच्याखाली चेपून सपाट झाली. भर उन्हाची वेळ, म्हणून तिथं एकही लेकरू नव्हतं.

सगळा बाजार धावत गेला. पडलेल्या झाडाची बगिच्याकडची मुळं मातीसकट वर आली होती. रस्त्याकडची नव्हतीच. तिथं नुसत्या कापलेल्या गोल चकत्या दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी माणिकराव माणसं घेऊन आला आणि उरलेल्या सगळ्या झाडांवर लाल रंगाच्या फुल्या मारू लागला.

"हे काय करून राह्यले?" सुंदरबाई रस्ता ओलांडून गेल्या.

"पाह्यलं नाई का काल? लेकरू मेलं असतं बाई. धोकादायक झाडं हायेत. काढा लागतीन."

"धोकादायक तुमी केले!"

"मी नाली खोदली. नाली नकाशात हाय. मले काहून बोलता? ऑफिसात जा."

त्याला वाटलं, कापड दुकानातली शेठाणी, ऑफिसात कुठली जाते. सुंदरबाई तिथूनच परत फिरल्या, मेहरबींच्या ओट्याशी थांबल्या आणि म्हणाल्या, "उठ. दुकान पोरीवर सोड. ऑफिसात जाऊ."

"आत्ता?"

"आत्ता. उद्यापर्यंत झाडं राह्यतीन का?"

बांधकाम खात्याच्या ऑफिसात एक तरुण इंजिनिअर होता, नुकताच बदलून आलेला. दोघींना त्यानं खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. सगळं ऐकून घेतलं आणि रस्त्याचा नकाशा टेबलावर उलगडला.

"काकू, खरं सांगू का? बगिच्याकडून नाली न्यायचीच नव्हती. मूळ आखणी दुकानांच्या बाजूनं आहे. पाण्याचा उतारही तिकडेच आहे."

"मंग इकडं कशी आली?"

"दुकानांचे ओटे आहेत ना सरकारी जागेत. ते काढावे लागले असते. व्यापारी मंडळाचे लोक वर जाऊन भेटले. वरून सांगितलं, लाइन सरकवा." तो जरा घुटमळला. "तुमचे शेठजीही होते त्यांच्यात. पुढेच होते."

मेहरबी खाली पाहू लागल्या. सुंदरबाईंनी पेल्यातलं पाणी संपवलं आणि म्हणाल्या, "ओटे निघाले तं लाइन मागं जाईन का?"

"जागा मोकळी मिळाली तर मी आजच्या आज लिहून पाठवतो. पण काकू, कोण काढणार ओटा?"

परतताना दोघी बगिच्याच्या कडेनं चालत होत्या. फुल्यांचा रंग अजून ओला होता.

"मले माहीत नव्हतं, मेहर."

"मले होतं," मेहरबी म्हणाल्या. "मंडळाचे लोक माह्याकडे बी आले होते. ओटा वाचते म्हणाले, मी हो म्हटलं. झाडाचं कोणी बोललंच नाई."

घरी गुलाबचंद जेवायला बसले होते. सुंदरबाईंनी पुढची पोळी वाढली नाही. समोर उभ्या राहिल्या.

"नाली तुमी तिकडं सरकवाले लावली?"

गुलाबचंदांनी पोळीचा तुकडा तसाच धरून वर पाहिलं. "कोणं सांगतलं?"

"सरकवली का नाई?"

"सगळ्या बाजारानं सरकवली. मी एकट्यानं नाई. अन् काय वाईट केलं? धंदा वाचवला. तुले वाटते का लोक दुकानात येतात? लोक ओट्यावर येतात. ओटा गेला तं गिऱ्हाईक पुढच्या दुकानात गेलं समज."

"ओटा आपला नाई. थे जागा आपली नाई."

"अन् झाडं तुही हायेत का?"

"नाई. म्हणून तं त्याले हात लावाचा हक्क आपल्याले नाई."

गुलाबचंद चिडले की आवाज खाली आणत. "सुंदर, तू दुकानात बस, बगिच्यात फीर, मंदिरात जा. माह्या बाजारात नको पडू. उद्या मंडळात नानाजीसमोर मले तोंड दाखवाचं हाय."

"मले बी उद्या तोंड दाखवाचं हाय," सुंदरबाई म्हणाल्या. कोणाला ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

सकाळी जेसीबी सुरू व्हायच्या आधीच सुंदरबाई नालीत उतरल्या. गुडघा दुखत होता, म्हणून आधी काठावर बसल्या, मग हात टेकत टेकत खाली घसरल्या. बरोबर नेलेली सतरंजी नालीच्या तळाशी अंथरली आणि एका निंबाच्या उघड्या मुळांना पाठ लावून बसल्या. मेहरबी आल्या, वरून पाहिलं, म्हणाल्या, "अल्ला, भाभी, अठी साप असंन," आणि त्याही उतरल्या. फिरायला येणाऱ्या बाया जमल्या. कोणी उतरल्या, कोणी काठावर बसल्या.

जेसीबीच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. माणिकराव आला, ओरडला, मग हात जोडले, मग फोन लावला. उन्हं चढली तसा बाजार गोळा झाला. पोलीस ठाण्यातून एक जमादार आणि एक महिला शिपाई आली. शिपाई मुलगी नालीच्या काठावर उकिडवी बसली.

"काकू, उठा ना. सरकारी काम अडवलं म्हणून केस होईन तुमच्यावर."

"होऊ दे. झाड तोडाची परवानगी दाखव म्हणा त्याले. दाखवली तं उठते."

जमादारानं माणिकरावाकडे पाहिलं. माणिकराव म्हणाला, परवानगी येऊन राह्यली, अर्ज दिला हाय. जमादार म्हणाला, मग येऊ दे, आणि निंबाच्या सावलीत जाऊन उभा राहिला. तापलेल्या रस्त्यावर दुसरीकडे उभं राहायला जागाही नव्हती.

तेव्हा व्यापारी मंडळाचे अध्यक्ष नानाजी पुढे आले. त्यांचं धान्याचं मोठं दुकान, आणि ओटा त्याहून मोठा. मागे गुलाबचंद होते, मान खाली घालून.

"गुलाबचंद, घरच्या माणसाले समजाव," नानाजी मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग नालीत वाकून पाहिलं. "वैनी, झाडाची येवढी माया हाय तं आपला ओटा तोडा ना पह्यले. त्यावर बसून तं इतके वर्सं धंदा केला! लोकायले ज्ञान सांगणं सोपं हाय."

काही माणसं हसली. काही बायांनीही तोंडाला पदर लावला.

सुंदरबाई मेहरबींच्या खांद्यावर हात ठेवून उठल्या. "वर घ्या मले," काठावरच्या बायांना म्हणाल्या. दोघीतिघींनी धरून त्यांना वर ओढलं. लोकांना वाटलं, झालं, बाई घरी चालली. नानाजींनी गुलाबचंदांच्या पाठीवर थाप मारली.

सुंदरबाई रस्ता ओलांडून सरळ आपल्या दुकानापाशी गेल्या. रस्त्याच्या कामावरचा एक मजूर घण घेऊन तिथं उभा होता. त्याला म्हणाल्या, "दे."

"बाई, जड हाय तो."

"दे म्हटलं ना."

घण खरंच जड होता. पहिल्यांदा तो नीट उचललाही गेला नाही, ओट्याच्या कडेवर नुसता पडला. फरशीला ओरखडा उठला. कोणीतरी हसलं. सुंदरबाईंनी पदर खोचला, पाय रोवले आणि दुसऱ्यांदा घातला. शहाबादी फरशी कडेपासून मधोमध चिरली.

"सुंदर!" गुलाबचंद धावत आले. "काय करून राह्यली? लोक पाहून राह्यले!"

"पाहू द्या. त्यायनंच सांगतलं ना, पह्यले आपला तोडा."

"ठेव खाली तो घण."

"तुमी बाजूले व्हा. लागंन."

गुलाबचंद ओट्यावर चढून उभे राहिले. दोघं नवराबायको भर बाजारात समोरासमोर. तो ओटा गुलाबचंदांनी स्वतः उभं राहून बांधून घेतला होता, फरशी निवडायला स्वतः गेले होते, हे सुंदरबाईंना माहीत होतं. पण घण त्यांनी खाली ठेवला नाही.

"मले राग नाई तुमचा," त्या हळू म्हणाल्या, फक्त त्यांना ऐकू जाईल इतकंच. "पण हा ओटा राह्यला तं मले या दुकानात पाय ठेवता येणार नाई. आता तुमी ठरवा."

गुलाबचंदांचा चेहरा रागानं लाल झाला होता. ते ओट्यावरून उतरून दुकानात निघून गेले. गादीवर बसले, तोंड भिंतीकडे करून. बाहेर घण पडत राहिला, प्रत्येक घावाला दुकानातल्या कपाटांच्या काचा वाजत राहिल्या.

सुंदरबाईंच्या हाताला फोड आले तेव्हा मजुरानं घण त्यांच्या हातातून काढून घेतला. "सरा बाई, मी करतो," म्हणाला. सुंदरबाई धापा टाकत बाजूला झाल्या आणि पाहतात तर मेहरबी आपल्या ओट्यावरचे बांगड्यांचे डबे उचलून आत नेत होत्या.

"मेहर, तू नको. तुह्यं तं अर्धं दुकान त्यावर हाय."

"हो ना," मेहरबी म्हणाल्या. "म्हणून तं डबे पह्यले उचलून राह्यली. बांगड्या फुटतीन."

"मेहर, आयक माह्यं. तू गरीब—"

"भाभी," मेहरबी एकदम वळल्या, "ज्या दिवशी हो म्हटलं त्या दिवशी मी गरीब नव्हती का? तुमची हिंमत तुमची, माही माह्यापाशी राहू द्या."

सुंदरबाईंनीही डबे उचलायला हात लावला.

दुपारपर्यंत दोन ओटे जमीनदोस्त झाले होते. तिसरा एका चपलांच्या दुकानदारानं काढला. त्याची आई नालीत बसली होती आणि ती उठायला तयार नव्हती. बाकीचे काढत नव्हते, पण हसायचं थांबले होते. तरुण इंजिनिअर टेप घेऊन आला, मोकळ्या झालेल्या जागेत चुन्याची रेघ मारली, आणि उरलेल्या ओट्यांवरूनही ती तशीच पुढे नेली, नानाजींच्या फरशीवरून सुद्धा. नानाजी म्हणाले, "पोट्ट्या, तुही बदली करतो." तो म्हणाला, "करा साहेब. रेघ मारून जातो." आणि रेघ पुरी केली.

इतकं होऊनही काम सरळ झालं नाही. बायांना कितीतरी दिवस पाळीपाळीनं नालीत बसावं लागलं. सुंदरबाईंवर आणि मेहरबींवर केस झाली, दोघी वाशीमला तारखांना गेल्या, एकाच जीपमध्ये, एकाच डब्यातलं खाऊन. वरून पथक आलं, मोजमाप झालं, आणि शेवटी लाइन मूळ जागी गेली. बगिच्याकडची नाली मातीनं भरली गेली. माती भरताना सुंदरबाईंनी माणिकरावाच्या माणसांना मुरूम टाकू दिला नाही. काळी माती आणायला लावली. माणिकराव म्हणाला, "बाई, तुमच्यासारखं गिऱ्हाईक नाई पाह्यलं." सुंदरबाई म्हणाल्या, "मी गिऱ्हाईक नाई. टाका माती."

ओटा गेल्यावर दुकानाचा धंदा बसला, हे गुलाबचंद म्हणाले होते तसंच झालं. मेहरबींना बांगड्यांचे डबे थेट छतापर्यंत रचावे लागले आणि प्रत्येक गिऱ्हाइकामागे स्टुलावर चढावं लागलं. व्यापारी मंडळातल्या काहींनी गुलाबचंदांशी बोलणं टाकलं. घरात गुलाबचंदांनी सुंदरबाईंशी टाकलं. जेवायला बसत, "मीठ" म्हणत, "पाणी" म्हणत, बाकी नाही.

मग मंडळाची बैठक भरली. सुंदरबाईंनी बाजाराची माफी मागावी असं नानाजींचं म्हणणं होतं. गुलाबचंदांना बोलावणं आलं. सुंदरबाई न बोलावता मागून गेल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

"माफी मी मागणार नाई," त्यांनी दारातूनच सांगून टाकलं. "लिहून घ्या, नाईतं नका घेऊ."

"गुलाबचंद, तू बोल आता," नानाजी म्हणाले. "तुह्या घरात कोणाचं चालते?"

गुलाबचंदांनी गुडघ्यावरची टोपी उचलून डोक्यावर घातली. "ओटा मी पुढं नेला होता," ते म्हणाले. "तिनं मागं आणला. माफी मागाची असंन तं मी मागतो, गावाची. बाजाराची कायले मागू?" आणि उठून बाहेर आले. दारात बायकोला म्हणाले, "चाल. ऊन लय हाय." त्यांचा राग गेला होता असं नाही. त्या रात्रीही ते "मीठ" एवढंच म्हणाले. पण मंडळात ते पुन्हा गेले नाहीत.

दिवाळीच्या सुमारास कळलं की सगळी झाडं वाचली नव्हती. नालीत ज्याची मुळं सगळ्यात जास्त कापली गेली होती, तो एक निंब पावसाळ्यातही वाळत गेला. साल सुटू लागली. इंजिनिअरनं येऊन पाहिलं आणि सांगितलं की हा उभा ठेवणं धोक्याचं आहे. या खेपेला ते खरं होतं. सुंदरबाईंनी बुंध्यावर हात फिरवून पाहिला, बोटानं साल दाबली. वाळलेली साल हातात आली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या नाही म्हणाल्या नाहीत.

तोडायला माणिकरावच आला, करवत आणि दोर घेऊन. त्यानं सवयीनं दोराचं दुसरं टोक शेजारच्या हिरव्या झाडाला बांधायला घेतलं. सुंदरबाई मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"याले नाई बांधाचं. खांबाले बांध."

"बाई, खांब दूर हाय. अन् नुसता दोर हाय, काय होते त्यानं?"

"पह्यले बी तू असंच म्हटलं होतं. दूर हाय तं लांब दोर आण."

"नाई आणला तं?"

सुंदरबाईंनी हिरव्या झाडाला पाठ टेकली आणि हाताची घडी घातली. रस्त्यापलीकडून मेहरबी स्टुलावरून उतरून यायला निघाल्या होत्या. फाटकातून चालायला आलेल्या बायाही एकेक करून थांबायला लागल्या. माणिकरावानं त्यांच्याकडे पाहिलं, सुंदरबाईंकडे पाहिलं, आणि आपल्या माणसाला लांब दोर आणायला पाठवलं.